सोलापूरच्या फडाचा दंड

माझ्या डोक्यावर टोपी असते आणि टोपीखाली केस नाहीत. ही गोष्ट मी आपण होऊन कुणाला सांगत नाही, पण सोलापूरची हकीकत टोपीवाचून पुढे सरकणार नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. दुसरी गोष्ट म्हणजे मी रागीट आहे. ती सांगावी लागत नाही, आमच्या शाळेतल्या पोरांना विचारलंत तरी कळेल.

आमच्याकडे, संगमेश्वराच्या बाजूला, शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. आधी बीज आणि झाड, शिव आणि शक्ती असलं गंभीर चालतं, मग टोमणे सुरू होतात. समोरच्याचं नाक, पोट, चाल, सगळं गाण्यात येतं. खरं सांगायचं तर माणसं चार कोस चालून येतात ती टोमण्यांसाठीच. मी तुरेवाल्यांचा कवी, आणि टोमण्यांत माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही असं लोक म्हणत. मीही म्हणत असे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापूरच्या चादरी विकायला आलेल्या एका माणसाने आमचा सामना ऐकला आणि पत्ता लिहून घेतला. महिनाभराने पोस्टकार्ड आलं. सोलापूरच्या विणकरांच्या गल्लीत कलगी-तुऱ्याचा तीन दिवसांचा फड आहे, तुरेवाल्यांनी यावं. आमची शक्ती तीच त्यांची कलगी.

माझे गुरू तात्या तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी आपला डफ माझ्या हातात दिला. डफाला रेशमाचा आणि जरीचा तुरा बांधलेला होता, तात्यांच्या गुरूपासून चालत आलेला. तात्या म्हणाले, "जिंक नायतर हर, माका त्याचां काय नाय. तुरो घेऊन जातोस, तुरो घेऊन ये." ज्याचा तुरा फडात काढून घेतला जातो त्याने पुन्हा कुठल्याच फडात उभं राहायचं नाही, हा कायदा दोन्हीकडे सारखाच आहे. तात्यांना मी पायावर हात ठेवून शब्द दिला आणि जोडीला धोंडू मृदंगवाल्याला घेऊन निघालो.

गल्ली आणि भिंत

एस्टी आणि आगगाडीचे हाल सांगत बसत नाही. सोलापुरात उतरलो तेव्हा धोंडूच्या अंगावरची धूळ झटकली असती तर एक वाफा भरला असता. आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये माड असतात, पोफळी असतात. इथे दोन घरांच्या मध्ये सूत होतं. लाल, हिरवं, जांभळं, नुकतं रंगवलेलं सूत बांबूंवर वाळत घातलेलं, आणि घराघरातून हातमागांचा खटक-खट, खटक-खट असा आवाज. धोंडू गल्लीच्या तोंडाशीच थांबला आणि मांडीवर बोटं वाजवू लागला. म्हणाला, "मास्तरांनू, हितं आख्खी गल्लीच ताल धरून बसलीय."

आमचा मुक्काम लक्ष्मव्वांकडे होता. या साठीच्या तेलुगू बाई, दिवसभर ओट्यावर बसून विड्या वळणाऱ्या. कपाळावर मोठं कुंकू आणि बोलण्यात हुकूम. फडाच्या पंच त्याच आहेत हे कळलं तेव्हा मी धोंडूकडे पाहिलं आणि धोंडूने माझ्याकडे. आमच्याकडे बायका सामना ऐकतात तोही पडवीच्या मागच्या अंगाला बसून. इथे पुढच्या चार रांगा बायकांच्या, आणि निकाल देणारीही बाईच.

"रा अण्णा, या, बसा," लक्ष्मव्वा म्हणाल्या. "आमचा रिवाज हाय. पाव्हण्याला आदी भिंत दाखवायची, मग च्या."

समोरच्या चुन्याच्या भिंतीवर गेरूने काहीतरी लिहिलेलं होतं, वर मराठीत आणि खाली तेलुगूत. फडाचे नियम आहेत, वाचून दाखवते, असं त्या म्हणाल्या. मी दोन दिवसांचा उपाशी, उन्हाने डोकं तापलेलं, त्यात मी मास्तर. म्हणालो, "बाई, वीस वर्षं फडात उभा राहतोय. मला नियम शिकवू नका. चहा तेवढा आणा."

लक्ष्मव्वांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चहा आणला. त्या चहापायी पुढचं सगळं घडलं.

जेवणाची आणखी एक फजिती सांगतो. ताटात एक पातळ, कडकडीत, गोल वस्तू आली. मी समजलो पापड. तो शेंगांच्या चटणीबरोबर खाऊन टाकला आणि भाकरीची वाट पाहत बसलो. दुसरा पापड आला, तोही खाल्ला. चौथ्याला मी धीर करून विचारलं, "भाकरी केव्हा वाढणार?" लक्ष्मव्वा पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारच्या दोन बायका विचारायला आल्या. चार कडक भाकऱ्या मी पापड म्हणून संपवल्या होत्या. पण ती शेंगांची चटणी! लसणाची, तेल सुटलेली, दह्यात कालवावी आणि जग विसरावं. भाताची आठवण मला दुसऱ्या दिवशी आली, तीही थोडीच.

पहिला फड

गिरणीची पाळी सुटल्यावर, उन्हं कलली तसा फड भरला. कलगीवाल्यांचा शाहीर बाबूलाल नावाचा विणकर होता. चाळिशीचा, सडपातळ, बोटांना निळा रंग लागलेला. फडाआधी तो मला भेटायला आला.

"न-न-नमस्कार मास्तर. प-प्रवास ब-ब-बरा झाला न्हवं?"

एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. मला मनातून बरं वाटलं. आज ते लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं. म्हटलं, हा काय गाणार? सामना खिशात आहे.

मग तो गायला उभा राहिला. गाताना तो एकदाही अडखळला नाही. आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ताणलेल्या सुतासारखा गेला. बीज आधी की झाड, हा माझा ठेवणीतला सवाल. आमच्याकडे त्यावर लोक घटकाभर घोळ घालतात. त्याने तीन ओळींत उत्तर दिलं आणि उलटा माझ्यावरच सवाल टाकला. पुढच्या चार रांगांनी टाळ्या वाजवल्या. धोंडूने वाजवायचं सोडून मान डोलावली, तेव्हा मी त्याला कोपराने ढोसलं.

माझा जबाब चांगला होता. तो गाऊन झाल्यावर मी वाकून नमस्कार केला आणि टोपी पडली.

अख्ख्या सोलापूरसमोर, उतरत्या उन्हात, माझं डोकं लखलखलं. दोघीचौघी खुदकल्या. मी टोपी घाईने बसवली ती उलटी बसली. आता बाबूलालची पाळी होती. आमच्याकडे असं घबाड हाती लागलं तर कवी त्यावर वर्षभर जगला असता. मी दात आवळून वाट पाहिली. बाबूलालने माझ्या डोक्याकडे पाहिलं, डफावर थाप मारली आणि शिवशक्तीचं पुढचं पद म्हणून खाली बसला. टोपीचा उच्चारही केला नाही.

मला वाटलं, याला सुचलंच नाही. आणि माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून, डफ उंच धरून म्हणालो:

"उंबऱ्यावर म्हैस अडावी, तसा जिभेवर शब्द अडे
उत्तर याचे येता येता सूर्य उद्याचा वर चढे!"

आणि लोक हसतील म्हणून थांबलो.

कुणी हसलं नाही. एवढी माणसं बसली होती आणि लांबच्या एका घरातला माग तेवढा ऐकू येत होता. बाबूलाल आपल्या निळ्या बोटांकडे पाहत होता. लक्ष्मव्वा उठल्या, माझ्याजवळ आल्या, डफाचा तुरा गाठ सोडून काढला आणि आपल्या पदराच्या टोकाला बांधला.

"मास्तर, च्याच्या आदी हेच सांगनार हुते," त्या म्हणाल्या. "आता चला, वाचा."

मी मास्तर, आणि मला सगळ्या फडासमोर भिंत वाचायला लावली. घाव ओळीवर घालायचा, अंगावर, जातीवर, आईबहिणीवर नाही. ओळ ज्याची, नाव त्याचं. पिऊन फडात चढायचं नाही. गाऊ म्हणेल तिला पुढे जागा द्यायची. विचारेल त्याला शिकवायचं, हातचं राखायचं नाही. माझा आवाज तिसऱ्या नियमापर्यंत टिकला, पुढचे दोन मी मनात वाचल्यासारखे वाचले.

"आणि दंड?" मी विचारलं.

"ज्याला लागलं त्याच्या घरी उद्या जायचं. त्याचं एक पद त्याच्याकडनं शिकायचं. परवा हितंच, त्याचं नाव घेऊन म्हनायचं. म्हनलं की तुरा तुमचा. न्हाय म्हनलं तर ह्यो माझ्या पदरात ऱ्हाईल."

मी तडक बिऱ्हाडी येऊन वळकटी बांधायला घेतली. एका विणकराच्या घरी जाऊन मी शिकू? धोंडू शांतपणे बिडी ओढत बसला होता. म्हणाला, "तुमी जावा गाडीन्. मी ऱ्हातंय. माका तात्यांच्या म्होरं रिकामो डफ घेऊन उभां ऱ्हावचां नाय."

वळकटी मी पुन्हा सोडली.

लक्ष्मव्वांना विचारलं, हे नियम केले कुणी? त्या म्हणाल्या, "आमी. बायांनी." पूर्वी या फडातही शिव्या चालत. एकदा कुणीतरी कुणाची जात काढली, डफ डोक्यात घातले गेले, गल्लीचे दोन तट पडले. त्यात लक्ष्मव्वांच्या यजमानांचं डोकं फुटलं होतं. मग बायकांनी ठरवलं, फड सुधारेपर्यंत भाकरी थापायची नाही. "तिसऱ्या दिशी सगळे शाईर गेरू घिऊन भिंतीपाशी उबे," असं सांगताना त्यांना पुन्हा हसू फुटलं.

मागाच्या खड्ड्याशी

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूलालच्या दारात उभा राहिलो. त्याची बायको शरीफा चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आओ मास्तर. कल भौत बोले ना तुम? अब बैठो, सीको." आणि तिने पाट सरकवला तो माझ्या जरा जास्तच जवळ आपटला. माझ्या मते ते योग्यच होतं.

बाबूलाल मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मी क्षमा मागायला तोंड उघडलं तर मीच अडखळू लागलो. त्याने हाताने थांबवलं आणि माग सुरू केला. खटक-खट, खटक-खट. आणि बोलू लागला.

"ऱ्हाऊ द्या मास्तर. हितं बसा, म्हंजी आवाज नीट यील."

मी चमकून पाहिलं. एकही अक्षर अडलं नव्हतं.

"माग चालतो तवर जीभ चालती," तो हसून म्हणाला. "ल्हानपनी बा संगं हितंच बसायचो. बाहेर पोरं चिडवायची, हितं कोन चिडवत न्हाय. धोटा गेला का एक शब्द, धोटा आला का एक शब्द. तसंच गानं लागलं."

धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी नळी. मी त्या धोट्याकडे पाहत बसलो. माझ्या वर्गातही एक मुलगा असाच अडखळतो. त्याला मी 'लवकर बोल' म्हणून कितीदा ओरडलो असेन, ते मोजायचं धाडस झालं नाही.

त्याने मला जे पद दिलं ते असं:

"उभा म्हणे आडव्या धाग्या, तुझ्यावाचुनी मी उघडा
आडवा म्हणे उभ्या दादा, तुझ्यावाचुनी मी वाकडा
धोटा हसला, म्हणे भांडु नका, चालू माझे येणेजाणे
बाबूलाल म्हणे, तुटेल तेथे गाठ मारुनी विणणे"

चारच ओळी, पण चाल अशी की दर ओळीत एक ठेका मुद्दाम रिकामा सोडायचा, धोटा पलीकडे पोचेपर्यंत. आम्ही कोकणातले, पाय नाचवत गाणारे, आम्हाला ठेका सोडणं माहीत नाही. मी सारखा आधीच घुसत होतो. दुपारपर्यंत शरीफानेही सूत सोडून दोन्ही हातांनी मला थांबवायला सुरुवात केली. "नक्को, नक्को! अब्बी नक्को... हां, अब बोलो!" मध्ये तिने गरम शेंगापोळी तूप घालून वाढली. वर्गात चुकणाऱ्या पोराला आम्ही काय वाढतो हे आठवून मी ती मुकाट्याने खाल्ली.

निघताना मी विचारलंच. "बाबूलाल, काल माझी टोपी पडली. तुला काहीच सुचलं नाही?"

त्याने माग पुन्हा चालू केला. "सुचलं की! दोन ओळी तितल्या तितं तयार झाल्या. लई झ्याक. ओठावर आल्या आन भिंत दिसली." धोटा इकडून तिकडे गेला. "अजून जपून ठेवल्यात."

तुरा

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीने आम्हाला गावाबाहेर हुरड्याला नेलं. कोवळी ज्वारी शेणींच्या आरावर भाजायची, तळहातावर चोळायची, गूळ आणि चटणीबरोबर तोंडात टाकायची. धोंडूने इतकी खाल्ली की शेताचा मालक म्हणाला, पुढच्या साली पेरायच्या आधी कळवा. मी मात्र घास घेता घेता ओळी पुटपुटत होतो. तुरा लक्ष्मव्वांच्या पदराच्या टोकाला लोंबत होता आणि त्या जिकडे जातील तिकडे माझी नजर जात होती.

संध्याकाळी फड दुप्पट भरला. कोकणातला मास्तर दंड भरणार, ही बातमी पार होटगी गावापर्यंत गेली होती म्हणे. मी बिनतुऱ्याचा डफ घेऊन उभा राहिलो. मी पहिली ओळ म्हटली, ठेका सोडला, दुसरी ओळ म्हटली. बरी गेली. तिसऱ्या ओळीला 'धोटा हसला' म्हटलं आणि पुढचं सगळं कुठे गेलं कुणास ठाऊक.

"म्हणे... म्ह... म्ह..."

पुढचा शब्द येईना. समोर चार रांगा बायका. तात्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. अडलेला शब्द आतून कसा टोचतो ते मला त्या दिवशी कळलं. कुणीही त्यावर म्हशीचं गाणं म्हणू शकलं असतं.

कुणी हसलं नाही. तेवढ्यात खटक-खट असा आवाज आला. बाबूलाल बसल्या जागी समोरच्या बाकावर बोटांनी माग वाजवत होता. मग शरीफाने टाळी धरली, मग पुढची रांग, मग धोंडूचा मृदंग. सगळा फड मागासारखा चालू लागला आणि शब्द आपोआप आला. "...भांडु नका, चालू माझे येणेजाणे! बाबूलाल म्हणे, तुटेल तेथे गाठ मारुनी विणणे!" त्याचं नाव घेताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका मोठा लागला.

लक्ष्मव्वांनी पदराची गाठ सोडली, तुरा डफाला बांधला आणि वर माझ्या टोपीवर एक टपली मारली. मी रडलो. लोकांना वाटलं धूळ गेली असेल, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं.

घरी

तात्यांनी तुरा हातात घेऊन गाठ पाहिली. "ही गाठ माझी नाय," ते म्हणाले. मग मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी ती गाठ आणखी घट्ट केली. शेवटी म्हणाले, "आपल्या देवळाच्या भिंतीक चुनो कधी काढूक होवो?" त्या शिमग्याआधी आमच्या गावातही गेरूने पाच नियम लिहिले गेले. पुढच्या चार रांगा बायकांना देण्यावरून थोडी कुरकुर झाली. माझ्या बायकोने लक्ष्मव्वांची भाकरीची युक्ती नुसती बोलून दाखवली आणि कुरकुर थांबली. माझ्या वर्गातला तो मुलगा आता बाकावर बोटं वाजवत कविता म्हणतो, आणि मी थांबतो.

गेल्या वर्षी आम्ही सोलापूरच्या कलगीला बोलावलं. बाबूलाल आला. तात्या पंच म्हणून घोंगडीवर बसले होते. दोन पदं छान झाली. तिसऱ्याला बाबूलाल उभा राहिला, भिंतीकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहून गायला:

"पुनवेचा हा चांद बिचारा टोपीखाली कोंडू नका
मास्तर बसवा मधोमध अन् तेल दिव्याचे सांडू नका!"

धोंडूचा हात हवेतच राहिला. बाबूलालने आपल्याच डफाची कलगी सोडली आणि तात्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

तात्यांनी विचारलं, "नियम ठाऊक व्हतो?"

"ठ-ठाऊक हुता की," बाबूलाल म्हणाला. "म-मास्तरांच्या घरी जायचं, त्यांचं प-पद शिकायचं. द-दंड भरायला आलोय."

सगळ्यांत आधी मीच हसलो. टोपी काढून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या पडवीत मांडी घालून बसला आणि म्हणाला, शिकवा. मी वह्या काढल्या. वीस वर्षांच्या वह्या चाळल्या तर त्यात नाकं, पोटं, चाली आणि म्हशीच होत्या. त्याला शिकवावं असं एकही पद सापडेना. मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, मग नवं करू. तो बोटांनी माग वाजवू लागला, मी ओळी जुळवू लागलो, मध्येच तो एखादा शब्द बदलायचा, मी त्याचा एखादा. आतून माशांच्या कालवणाचा वास येईपर्यंत तीन ओळी झाल्या.

चौथ्या ओळीत नाव घालायचं. ओळ ज्याची, नाव त्याचं. मी म्हटलं, तुझं. तो म्हणाला, मास्तरांचं. यावर आमचं इतकं कडाक्याचं भांडण झालं की बायको पळी घेऊन बाहेर आली. जेवणं झाली, कालवण संपलं, त्याची गाडीही गेली. फडात आम्ही ते पद आता दोन्हीकडे म्हणतो. तो माझं नाव घेऊन म्हणतो आणि मी त्याचं. वहीत मात्र तेवढी जागा अजून कोरीच आहे.